झाकण मिटले तरी न झोपणारा लॅपटॉप : डेबियन १२, बायोस आणि कोमट पोळ्या

रानजाई (धागाकर्ती) | रविवार, रात्री ९:४०

नमस्कार. मी भाषांतराचे काम करते आणि गेली दोन वर्षे ते डेबियन या लिनक्स प्रणालीवरच करते. इन्स्क्रिप्ट कळफलक, लिब्रेऑफिस आणि शब्दकोशांच्या फायली एवढाच माझा पसारा आहे. श्रीलिपीतल्या जुन्या फायली अधूनमधून उघडाव्या लागतात, म्हणून विंडोज ११ त्याच डिस्कवर शेजारी ठेवले आहे. लॅपटॉप अकराव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरचा, १६ जीबी रॅम आणि एनव्हीएमई डिस्क असलेला आहे. त्यावर डेबियन १२ आहे आणि कर्नेल (प्रणालीचा गाभा) ६.१ आहे.

मंगळवारी साताऱ्याहून एसटीने पुण्याला जाताना झाकण मिटवून लॅपटॉप नेहमीप्रमाणे पाठीवरच्या पिशवीत ठेवला. स्वारगेटला उतरून पिशवी उघडली तर आतून पंख्याची घरघर ऐकू येत होती, लॅपटॉपचा तळ चांगलाच तापलेला होता आणि त्याला चिकटून ठेवलेल्या डब्यातल्या सकाळच्या पोळ्या पुन्हा कोमट झाल्या होत्या. निघताना बॅटरी ९२ टक्के होती, ती तीन तासांत ५८ टक्क्यांवर आली. विंडोजमधून झाकण मिटवले तर मात्र लॅपटॉप थंड राहतो, हे मी घरी दोनदा करून पाहिले. कंपनीच्या सेवाकेंद्रात विचारले, तेव्हा "लिनक्स टाकले असेल तर आम्ही काही सांगू शकत नाही" एवढेच उत्तर मिळाले.

आंतरजालावर शोधून मी ग्रबच्या (प्रणाली सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या) ओळीत एकेक करून पुढील गोष्टी घातल्या आहेत : मेम_स्लीप_डीफॉल्ट=डीप, एसीपीआय_ओएसआय=लिनक्स, पीसीआयई_एएसपीएम=ऑफ आणि एनव्हीएमई_कोअर.डीफॉल्ट_पीएस_मॅक्स_लेटन्सी_यूएस=०. कशानेही फरक पडलेला नाही. (आज्ञा आणि पर्याय येथे उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत.) या बायोसचे (यंत्र सुरू करणाऱ्या, चिपमधल्या आज्ञावलीचे) लिनक्सशी मुळातच जमत नाही असे समजून मी हा नाद सोडावा का?

उंबरठा | रविवार, रात्री १०:१५

रानजाईताई, हा एस३ (रॅम सोडून सारे बंद होणारी खोल झोप) नसल्याचा प्रकार दिसतो. नव्या लॅपटॉपमधून कंपन्यांनी खरी झोप काढूनच टाकली आहे. एसीपीआय या वीजव्यवस्थापनाच्या मानकाचा डीएसडीटी तक्ता (बायोसने कर्नेलला दिलेली यंत्राची माहिती) बाहेर काढून, त्यात एस३ ची नोंद घालून, तो पुन्हा संकलित करून कर्नेलला देता येतो. मी एका जुन्या यंत्रावर हे केलेले आहे. हवे असल्यास पायऱ्या सविस्तर लिहितो.

गारगोटी | रविवार, रात्री ११:३०

रानजाईताई, नाद सोडू नका आणि उंबरठा म्हणतात त्या तक्त्यालाही एवढ्यात हात लावू नका. पहिली विनंती अशी की ग्रबच्या त्या ओळीत फक्त 'क्वाएट' ठेवून बाकीचे चारही पर्याय काढून टाका, अपडेट-ग्रब चालवा आणि यंत्र पुन्हा सुरू करा. हे चार पर्याय चार वेगवेगळ्या दुखण्यांवरचे आहेत, आणि त्यांतले निदान दोन तुमच्या दुखण्यात भर घालू शकतात.

मेम_स्लीप_डीफॉल्ट=डीप हा निव्वळ पसंतीक्रम आहे. फर्मवेअरने, म्हणजे बायोसने, जी अवस्था देऊच केलेली नाही, ती तुम्ही पसंत केलीत तरी कर्नेल काही न बोलता एस२आयडल या हलक्या झोपेवरच राहते आणि आपल्याला वाटते की उपाय लागू झाला. एसीपीआय_ओएसआय=लिनक्सची कथा अधिक मजेशीर आहे. "समोर कोणती प्रणाली आहे?" असे फर्मवेअरला विचारता यावे म्हणून एसीपीआयमध्ये ही सोय आहे. कर्नेल या प्रश्नाला जाणूनबुजून विंडोजच्या अनेक आवृत्त्यांच्या नावाने "हो" म्हणते आणि "लिनक्स आहेस का?" याला "नाही" म्हणते, कारण कंपन्या आपले फर्मवेअर विंडोजच्याच वाटेने तपासतात आणि तक्त्यात लिनक्ससाठी वेगळी वाट असलीच, तर ती बहुधा कोणी चालून पाहिलेली नसते. हा पर्याय घालून तुम्ही यंत्राला त्या न तुडवलेल्या वाटेवर ढकलता.

एनव्हीएमईचा पर्याय डिस्कची आपोआप कमी विजेच्या अवस्थेत जाण्याची सोयच बंद करतो. काही डिस्क त्या अवस्थेतून नीट परतत नाहीत, त्यांच्यासाठी तो आहे. तुमची डिस्क हरवत नाही, ती झोपत नाही. पीसीआयई_एएसपीएम=ऑफ हा तर सर्वांत गैरसमज झालेला पर्याय आहे. त्याने एएसपीएम, म्हणजे उपकरणांच्या पीसीआयई जोडण्यांची वीजबचत, बंद होते असे नावावरून वाटते, प्रत्यक्षात त्याचा अर्थ "कर्नेलने एएसपीएमला हात लावू नये, फर्मवेअरने जसे ठेवले असेल तसेच राहू द्यावे" असा आहे. तुमच्या फर्मवेअरने ते कसे ठेवले आहे हे तर आपल्याला अजून माहीतच नाही.

आता मुख्य मुद्दा. एस३ मध्ये कर्नेल सगळी आवराआवर करून शेवटी कारभार फर्मवेअरच्या हाती देते, प्रोसेसर बंद होतो आणि रॅम तेवढी तग धरून राहते. एस२आयडलमध्ये कारभार कर्नेलकडेच राहतो. प्रक्रिया गोठवल्या जातात, उपकरणे एकेक करून निजवली जातात आणि प्रोसेसर रिकामा बसून जास्तीत जास्त खोल अवस्थेत जाण्याची वाट पाहतो. जुन्या वाड्यात सगळ्या बिऱ्हाडांनी दिवे मालवले तरच मुख्य मीटर थांबते. एकाने जरी माजघरातला दिवा चालू ठेवला तर ते रात्रभर फिरत राहते आणि बिल मालकाच्या नावावर येते. तुमच्या यंत्रात कोणते तरी बिऱ्हाड जागे आहे. ते कोणते, हे आधी शोधायचे.

त्यासाठी तीन गोष्टी पाहून कळवा. पहिली, /सिस/पॉवर/मेम_स्लीप या फायलीत काय लिहिले आहे. दुसरी, डीमेसगमध्ये (कर्नेलच्या नोंदींमध्ये) "एसीपीआय: पीएम: (सपोर्ट्स" अशी सुरुवात असलेली ओळ. तिसरी सर्वांत महत्त्वाची : /सिस/डिव्हायसेस/सिस्टिम/सीपीयू/सीपीयूआयडल/ या पत्त्यावर लो_पॉवर_आयडल_सिस्टिम_रेसिडेन्सी_यूएस नावाची फाइल असेल, तीत संपूर्ण यंत्र सर्वांत खोल अवस्थेत किती मायक्रोसेकंद राहिले याची मोजणी असते. ती वाचून लिहून ठेवा, "सुडो आरटीसीवेक -एम फ्रीझ -एस १२०" ही आज्ञा द्या, यंत्र दोन मिनिटे झोपून आपोआप उठेल, मग तीच फाइल पुन्हा वाचा.

रानजाई | सोमवार, रात्री ८:५०

चारही पर्याय काढले. मेम_स्लीपमध्ये चौकटी कंसात [एस२आयडल] एवढाच एक शब्द आहे. डीमेसगची ओळ "(सपोर्ट्स एस० एस४ एस५)" अशी आहे, म्हणजे उंबरठा म्हणाले त्याप्रमाणे एस३ नाही. मोजणी झोपण्यापूर्वी ० होती आणि दोन मिनिटांनी यंत्र उठल्यावरही ० च होती. मी तीन वेळा करून पाहिले. शून्य पाहून वाईट वाटायला हवे होते, पण पहिल्यांदाच काहीतरी मोजता आले याचे समाधान अधिक वाटले.

कुंपणावरचा | सोमवार, रात्री ९:२०

मी दोन्ही प्रणाली वापरतो आणि कोणाचीच वकिली करत नाही. त्याच यंत्रावर, त्याच बायोसवर विंडोज नीट झोपते आणि लिनक्स झोपत नाही, तर दोष फर्मवेअरचा कसा म्हणता येईल? सेवाकेंद्राचे उत्तर तुसडे असेल, पण तर्काला धरून आहे. व्यवहारात पाहायचे तर ताईंनी झाकण मिटवल्यावर हायबरनेट होईल अशी व्यवस्था करावी. स्मृती डिस्कवर लिहून यंत्र पूर्ण बंद होईल, पिशवी तापणार नाही आणि विषय संपेल.

गारगोटी | सोमवार, रात्री १०:०५

कुंपणावरचा, तुमचा प्रश्न रास्त आहे. दोष कोणाचा, यापेक्षा कोणते काम कोणी करायचे हे नीट ठरलेले नसणे ही या क्षेत्रातली खरी अडचण आहे. एसीपीआयची पहिली आवृत्ती डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी मिळून काढली, ती वीजव्यवस्थापनाचा निर्णय बायोसकडून कार्यप्रणालीकडे आणण्यासाठी. पुढे २०१३ मध्ये हे मानक युईएफआय फोरम या उद्योगसंस्थेकडे गेले. कागदावर सगळे स्पष्ट आहे, पण कंपनी यंत्र बाजारात आणते ते स्वतःच्या विंडोज ड्रायव्हरसह. फर्मवेअरने एखादे काम अर्धवट सोडले आणि तो ड्रायव्हर ते निमूट पूर्ण करत असला, तर कारखान्यातल्या चाचणीत ती उणीव दिसतच नाही. लिनक्समध्ये ती उघडी पडते. ताईंच्या यंत्रात असेच काही असावे असा माझा संशय आहे, पण पुराव्याआधी बोलत नाही.

हायबरनेटचा सल्ला वाईट नाही, पण त्यात एक मेख आहे. सिक्युअर बूट (फक्त स्वाक्षरी असलेली प्रणाली सुरू होऊ देणारी सोय) चालू असेल तर डेबियनचे कर्नेल स्वतःला 'लॉकडाउन' अवस्थेत ठेवते आणि त्या अवस्थेत हायबरनेशनला मनाई असते, कारण डिस्कवर लिहिलेली स्मृतीची प्रत मधल्या काळात कोणी बदलली नाही ना, याची खात्री कर्नेलला करता येत नाही. ताई, सिक्युअर बूट चालू आहे का ते "मोकयूटिल --एसबी-स्टेट" या आज्ञेने कळेल.

उंबरठा | सोमवार, रात्री १०:४०

एस३ नाही हे तर सिद्ध झाले. मग डीएसडीटीमध्ये ते घालण्याला आक्षेप काय? २०१८ मध्ये थिंकपॅड एक्स१ कार्बनच्या सहाव्या पिढीत हाच प्रश्न आला होता आणि वापरकर्त्यांनी तक्ता दुरुस्त करूनच तो सोडवला होता.

गारगोटी | सोमवार, रात्री ११:१०

उंबरठा, उदाहरण बरोबर आहे, पण ते पूर्ण सांगायला हवे. त्या यंत्राच्या फर्मवेअरमध्ये एस३ हाताळण्याची क्षमता होती, फक्त तक्त्यात ती जाहीर केलेली नव्हती. म्हणून तक्ता दुरुस्त करून काम झाले. पुढे लेनोवोने त्याच वर्षी बायोसच्या सुधारित आवृत्तीत 'स्लीप स्टेट' असा पर्याय दिला, त्यात 'विंडोज १०' आणि 'लिनक्स' अशा दोन निवडी होत्या, आणि 'लिनक्स' निवडले की एस३ मिळत असे. तक्त्याला हात न लावता प्रश्न मिटला.

अकराव्या पिढीच्या यंत्रांत मात्र फर्मवेअरमध्ये ती क्षमता असेलच याची खात्री धरता येत नाही. तक्ता म्हणजे दुकानाची पाटी आहे. पाटीवर 'येथे श्रीखंड मिळेल' असे रंगवल्याने आत चक्का टांगला जात नाही. पाटी पाहून कर्नेल यंत्राला एस३ मध्ये पाठवेल आणि उठताना काळा पडदा व फिरणारा पंखा एवढेच हाती येईल. शिवाय सिक्युअर बूट चालू असताना लॉकडाउनमधले कर्नेल असा बदललेला तक्ता स्वीकारतच नाही, म्हणजे एक दरवाजा उघडण्यासाठी दुसऱ्याची कडी काढावी लागेल. एस२आयडल योग्य रीतीने चालले तर ते रात्रभरात फार वीज खात नाही, तेव्हा तेच दुरुस्त करू.

ताई, आता "सुडो एलएसपीसीआय -व्हीव्ही" चालवून त्यात एनव्हीएमई डिस्कची नोंद शोधा. तिच्याखाली 'एलएनकेसीटीएल' अशी ओळ असेल, तीत एएसपीएमबद्दल काय लिहिले आहे ते पाहा. डिस्कच्या ओळीच्या सुरुवातीचा पत्ताही जसाच्या तसा लिहा.

रानजाई | मंगळवार, सकाळी ७:१५

सिक्युअर बूट चालू आहे.

डिस्कच्या नोंदीखाली "एएसपीएम डिसेबल्ड" असे आहे. वाय-फाय आणि कार्डवाचकाच्या नोंदींखाली मात्र "एएसपीएम एल१ एनेबल्ड" आहे. पत्त्याबद्दल तुम्ही का विचारलेत ते कळले नव्हते, पण पाहिल्यावर तो वेगळाच निघाला. इतर सर्व उपकरणांचे पत्ते ००००: ने सुरू होतात, डिस्कचा मात्र १००००:ई१:००.० असा आहे. शिवाय यादीत "रेड बस कंट्रोलर" आणि पुढे "व्हॉल्यूम मॅनेजमेंट डिव्हाइस एनव्हीएमई रेड कंट्रोलर" अशी एक ओळ आहे. माझ्याकडे डिस्क एकच आहे आणि रेड (अनेक डिस्क एकत्र बांधणे) वगैरे मी कधी केलेले नाही. हे कोणी केले?

गारगोटी | मंगळवार, दुपारी १:४०

बिऱ्हाड सापडले.

रेड तुम्ही केलेले नाही, तर कारखान्यातून यंत्र निघतानाच बायोसमध्ये इंटेलचे व्हीएमडी (तेच व्हॉल्यूम मॅनेजमेंट डिव्हाइस) चालू करून ठेवलेले आहे. ही सोय मूळची सर्व्हरसाठीची. एनव्हीएमई डिस्क ज्या पीसीआयई दारांना जोडलेल्या असतात ती दारे व्हीएमडी आपल्या ताब्यात घेते आणि त्यांच्यासाठी एक स्वतंत्र, आडवळणाचे आळे तयार करते. तुमच्या डिस्कचा १०००० ने सुरू होणारा पत्ता त्याच आळ्यातला आहे. अनेक डिस्क एकत्र बांधायच्या असतील तेव्हा याचा उपयोग होतो; एका डिस्कच्या लॅपटॉपमध्ये याचा तुम्हाला काडीचा फायदा नाही, पण अकराव्या पिढीपासून अनेक कंपन्या ते चालू अवस्थेतच देतात. तुमच्या पिढीच्या यंत्रांवर काही जुने लिनक्स इन्स्टॉलर "डिस्क सापडली नाही" असे म्हणत, त्यामागेही बहुतेकदा हेच असे.

आता विंडोज का झोपते आणि डेबियन का झोपत नाही ते पाहा. सामान्यतः पीसीआयई दारांवर एएसपीएम चालू करणे आणि एलटीआरची मूल्ये भरणे हे काम यंत्र सुरू होताना बायोस करतो. एलटीआर म्हणजे "मला किती वेळ ताटकळत ठेवलेत तरी चालेल" हे उपकरणाने प्रोसेसरला सांगणे. ते सांगितलेलेच नसेल तर प्रोसेसर खोल झोपेत जायला धजावत नाही, न जाणो डिस्क हाक मारेल. पण व्हीएमडीच्या ताब्यातली दारे बायोसला दिसतच नाहीत, आणि जे दिसत नाही ते तो जुळवणार कसे? ते काम ड्रायव्हरवर येते. विंडोजमधला इंटेलचा ड्रायव्हर ते करतो. लिनक्सच्या व्हीएमडी ड्रायव्हरमध्ये ही भर २०२३ मध्ये पडली, तुमच्या ६.१ या कर्नेलनंतर. म्हणून वाय-फाय झोपते, कार्डवाचक झोपतो आणि डिस्कचे दार रात्रभर सताड उघडे राहते.

पीसीआयई_एएसपीएम=ऑफ घालून तुम्ही नेमके "बायोसने ठेवले तसेच राहू दे" म्हणत होतात, आणि बायोसने तर तिकडे पाहिलेलेही नव्हते. नवे कर्नेल घेतले असतेत आणि हा पर्याय तसाच राहिला असता, तर नवे कर्नेलही कुचकामी ठरण्याचा धोका होता.

मार्ग दोन आहेत. बायोसमध्ये व्हीएमडी बंद करावे, म्हणजे डिस्क सरळ वाटेवर येईल. किंवा व्हीएमडी तसेच ठेवून डेबियन १२ साठी नव्या आवृत्त्या देणाऱ्या 'बुकवर्म-बॅकपोर्ट्स' भांडारातून नवे कर्नेल घ्यावे, तेथे ६.१२ उपलब्ध आहे आणि तेही स्वाक्षरी केलेले असल्यामुळे सिक्युअर बूट बंद करावे लागत नाही. विंडोज शेजारी असल्यामुळे मी दुसरा मार्ग सुचवीन.

कुंपणावरचा | मंगळवार, दुपारी ३:००

माझा तर्क मागे घेतो. पण व्हीएमडी बंद करण्याबद्दल माझा अनुभव सांगणे आवश्यक आहे, कारण हा धागा वाचून कोणी तरी आज रात्रीच बायोस उघडेल. मी गेल्या वर्षी तसेच केले आणि विंडोजने सुरू होण्यास नकार दिला, निळ्या पडद्यावर बूट डिस्क सापडत नसल्याचा संदेश आला. त्यातून सावरून पुढे गेलो तर बिटलॉकरने (विंडोजच्या डिस्क-कुलपाने) ४८ अंकी पुनर्प्राप्ती-किल्ली मागितली. ती किल्ली माझ्या मायक्रोसॉफ्ट खात्यात आपोआप जतन झालेली होती, परंतु ते खाते कोणत्या ईमेलवर उघडले होते हे आठवण्यात अख्खा रविवार गेला. ज्यांना हे करायचेच असेल त्यांनी आधी ती किल्ली कागदावर उतरवावी, बिटलॉकर तात्पुरते स्थगित करावे आणि विंडोजला बीसीडीएडिट या आज्ञेद्वारे पुढच्या वेळी सेफ मोडमध्ये उठायला सांगून मगच बायोसमध्ये बदल करावा. सेफ मोडमध्ये ते स्वतःचा साधा एनव्हीएमई ड्रायव्हर उचलते, त्यानंतर सेफ मोडची सूचना काढून टाकता येते.

रानजाई | मंगळवार, रात्री १०:३०

कुंपणावरचा, आपले आभार. वाचूनच माझा पहिला मार्ग रद्द झाला.

बॅकपोर्ट्समधून ६.१२ घेतले. सुरू झाल्यावर आधी डिस्कची नोंद पाहिली, तेथे आता "एएसपीएम एल१ एनेबल्ड" आहे. मग तीच चाचणी केली. झोपण्यापूर्वी मोजणी ० आणि दोन मिनिटांनी उठल्यावर ११,६४,१०,००० च्या आसपास. म्हणजे १२० सेकंदांपैकी ११६ सेकंद यंत्र खरोखर झोपले होते. मी आकडे बोटाने मोजून पाहिले.

आता लोभ सुटला आहे म्हणून विचारते. माझा बायोस दोन वर्षांपूर्वीचा आहे आणि कंपनीच्या संकेतस्थळावर नवी आवृत्ती आहे, पण ती विंडोजच्या ईएक्सई फायलीच्या स्वरूपात आहे. ती घ्यावी का आणि डेबियनमधून घेता येईल का?

गारगोटी | मंगळवार, रात्री ११:२०

अभिनंदन. बायोस घ्यावा, पण आज नव्हे. आजचा बदल चार दिवस वापरून पाहा, म्हणजे पुढे काही बिघडले तर ते कर्नेलमुळे की बायोसमुळे, असा घोळ होणार नाही.

डेबियनमधून घ्यायचा तर आधी "एफडब्ल्यूयूपीडीएमजीआर गेट-अपडेट्स" चालवून पाहा. रेड हॅटच्या रिचर्ड ह्यूजेस यांनी उभे केलेले एलव्हीएफएस हे भांडार आहे, तेथे अनेक कंपन्या आपले फर्मवेअर स्वतः ठेवतात आणि ते लिनक्समधून रीतसर चढवता येते. तुमच्या कंपनीने तेथे काही ठेवले नसेल तर बायोसच्या स्वतःच्या पडद्यावर बहुधा 'फ्लॅश' अशा काही नावाची सोय असते. फॅट३२ पद्धतीने तयार केलेल्या पेनड्राइव्हवर फाइल ठेवून तेथून ती चढवता येते. चार्जर लावलेला असावा, बॅटरीही भरलेली असावी आणि मध्ये काहीही झाले तरी बटण दाबू नये. फर्मवेअरची चिप कार्यप्रणालीपासून पुरती सुरक्षित असते असेही समजू नका. डिसेंबर २०१७ मध्ये उबुंटू १७.१० ची इन्स्टॉलर प्रत मागे घ्यावी लागली होती, कारण तिच्यातला इंटेल-एसपीआय ड्रायव्हर काही लॅपटॉपच्या बायोसच्या चिपमधला मजकूर बिघडवत होता आणि त्या यंत्रांत बायोसमध्ये केलेले बदल जतनच होईनासे झाले होते.

रानजाई | रविवार, दुपारी १२:१०

चार दिवस ठरवल्याप्रमाणे थांबले. एलव्हीएफएसवर माझे यंत्र नव्हते, म्हणून पेनड्राइव्हवरून बायोस चढवला. सहा-सात मिनिटे पडद्यावर एक पांढरी पट्टी पुढे सरकत होती. तेवढ्या वेळात गॅसवरचे दूध उतू गेले, पण मी जागची हलले नाही.

त्यानंतर यंत्र सुरू झाले ते थेट विंडोजमध्ये. ग्रबचा पडदा आलाच नाही आणि बायोसच्या बूट यादीतून 'डेबियन' हे नाव नाहीसे झाले होते. डेबियन पुसले गेले की काय या कल्पनेने हात गार पडले आहेत.

गारगोटी | रविवार, दुपारी १२:२५

काही पुसले गेलेले नाही. कोणत्या क्रमाने काय सुरू करायचे ही यादी बायोसच्या चिपमधल्या छोट्या स्मृतीत असते आणि काही कंपन्यांचे नवे फर्मवेअर चढताना ती स्मृती कोरी होते. विंडोजची नोंद बायोस स्वतःहून पुन्हा करतो, कारण तिची जागा त्याला पाठ असते. डेबियनची जागा त्याला कोणी शिकवलेली नसते. बायोसमध्ये 'बूट फ्रॉम फाइल' किंवा 'अ‍ॅड बूट ऑप्शन' असे काही असल्यास त्यातून ईएफआय विभागात (डिस्कवर प्रणाली सुरू करणाऱ्या फायली असतात त्या भागात) जा, तेथे 'ईएफआय', त्यात 'डेबियन' आणि त्यात 'शिमएक्स६४.ईएफआय' ही फाइल निवडा. डेबियन उठेल. मग "सुडो ग्रब-इन्स्टॉल" एकदा चालवलेत की नोंद परत तयार होईल.

पुन्हा हा प्रसंग येऊ नये म्हणून "सुडो डीपीकेजी-रीकॉन्फिगर ग्रब-ईएफआय-एएमडी६४" चालवा. त्यात ईएफआयच्या काढता-घालता येणाऱ्या माध्यमाच्या जागीही ग्रबची प्रत ठेवायची का, असा प्रश्न येतो, त्याला "हो" म्हणा. म्हणजे 'ईएफआय/बूट/बूटएक्स६४.ईएफआय' या सर्वमान्य जागीही एक प्रत राहील आणि यादी कोरी झाली तरी बायोसच्या डिस्कमेन्यूतून डेबियन गाठता येईल.

रानजाई | रविवार, दुपारी १:३०

डेबियन परत आले. सर्वमान्य जागीही प्रत ठेवली. नव्या बायोसवर मोजणी पुन्हा केली, ती पूर्वीसारखीच येते, म्हणजे बायोसने या बाबतीत काही बिघडवले नाही आणि सुधारलेही नाही. काल रात्री ११ ला झाकण मिटवताना बॅटरी ८० टक्के होती, सकाळी ७ ला ७५ होती. धाग्याच्या शीर्षकात 'सुटले' असे लिहिते. उद्या पुन्हा पुण्याला जायचे आहे आणि डबा नेहमीच्याच कप्प्यात ठेवणार आहे.

पाणपोई | सोमवार, रात्री ९:००

धागा आवडला. माझा लॅपटॉप एएमडी रायझनचा आहे, डेबियन १३ वर कर्नेल ६.१२ आहे आणि पिशवीत तापण्याचे लक्षण तेच आहे. परंतु व्हीएमडी इंटेलचे असल्यामुळे वरचा उपाय मला लागू नाही. शिवाय रेसिडेन्सीची ती फाइलही माझ्याकडे सापडत नाही.

गारगोटी | सोमवार, रात्री ९:४५

ती फाइल इंटेलच्या यंत्रांवरच मिळते. तुमच्या कर्नेलमध्ये /सिस/पॉवर/सस्पेंड_स्टॅट्स/ या ठिकाणी लास्ट_एचडब्ल्यू_स्लीप नावाची फाइल आहे, तीत मागच्या झोपेत यंत्र खरोखर किती मायक्रोसेकंद निजले ते कळते. आरटीसीवेकची चाचणी तीच राहील. झोप खोल झाली नसेल तर डीमेसगमध्ये "लास्ट सस्पेंड डिडन्ट रीच डीपेस्ट स्टेट" अशी तक्रारही सापडेल. त्यापुढे एएमडीच्या अभियंत्यांनी लिहिलेली, पायथॉनमधली एस२आयडलची तपासणी आहे. ती चालवली की कोणते उपकरण किंवा फर्मवेअरमधली कोणती उणीव आड येते हे ती बऱ्यापैकी नावानिशी सांगते. तिचा निकाल घेऊन नवा धागा काढा, कारण कारणे वेगळी असतील आणि रानजाईताईंच्या आकड्यांत तुमचे आकडे मिसळले तर नंतर शोधणाऱ्याला दोन्ही उपयोगाचे राहणार नाहीत. ग्रबच्या ओळीत काही घातले असेल तर ते आधी काढा.

पाणपोई | सोमवार, रात्री १०:००

पाच पर्याय आहेत. काढतो.